विज्ञानशाखांचा नकाशा भिंतीवर काढायचाय: झाड काढू की जाळं?

खडूमास्तर (सोमवार, रात्री ९:४०)

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईची.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी आमच्या शाळेत (पुण्यातलीच, नाव राहू दे) जिन्याजवळची एक भिंत माझ्या गळ्यात पडली आहे. १२ फूट रुंद, ५ फूट उंच आणि बरोबर मधोमध स्विचबोर्ड. विषय मीच सुचवला, त्यामुळे आता तक्रारीला जागा नाही: 'विज्ञानाच्या शाखांचे एकमेकांशी नाते'. आठवीची पोरं मदतीला आहेत.

मुख्याध्यापिका बाईंना झाड हवंय. खोडावर 'विज्ञान', त्याला भौतिक, रसायन, जीव अशा तीन जाड फांद्या, त्यांना डहाळ्या, वर पानं. दिसायला छान, रंगवायला सोपं. पण मी पहिल्याच पानाला अडकलो. जीवरसायन कुठल्या फांदीवर काढू? दोन्हीवर काढलं तर पोरं विचारणार, सर, एक पान दोन फांद्यांना कसं? आणि भूभौतिक? संख्याशास्त्र? ते तर कुठंही लटकतं.

म्हणून प्रश्न दोन. एक, हे नातं दाखवायची बरी पद्धत कुठली? दोन, हे काम कुणी खरोखर मोजून केलंय की सगळे आपापल्या मनानंच काढतात?

---

तिरपी_टोपी (सोमवार, रात्री ९:५८)

झाड काढा आणि मोकळे व्हा, मास्तर. विज्ञान दिन एक दिवसाचा असतो, मुख्याध्यापिका वर्षभर असतात.

---

उंबरठा (सोमवार, रात्री १०:०५)

वाचतेय. (आणि टोपीशी सहमत.)

---

ग्रंथपालीण (सोमवार, रात्री १०:४७)

मास्तर, तुमचं दुखणं आमच्या धंद्यात रोजचं आहे. तुम्हाला निदान भिंत मिळाली आहे, आम्हाला फळी मिळते. पुस्तक फळीवर एकाच जागी उभं राहतं, त्याला फक्त डावा शेजारी आणि उजवा शेजारी. मेल्व्हिल ड्युई या अमेरिकी ग्रंथपालानं १८७६ मध्ये ज्ञानाचे दहा कप्पे केले, ते आजही चालतात. ५०० विज्ञान, ५१० गणित, ५३० भौतिक, ५४० रसायन, ५७० जीवशास्त्र. आता तुमचं जीवरसायन: ते ५७२ ला. म्हणजे रसायनापासून दोन कपाटं लांब. माणसाच्या शरीराचं शरीरक्रियाशास्त्र ६१२ ला, म्हणजे पलीकडच्या खोलीत. तिघं रोज एकमेकांच्या घरी जेवतात आणि पत्ते मात्र तीन पेठांतले.

सगळ्यात गंमत संगणकाची. तो आला तेव्हा ५०० आणि ६०० मध्ये दाटीवाटी झालेली, म्हणून त्याला ००४ ते ००६ मध्ये बसवला. त्याच ओळीत अलीकडे ००१.९४२ म्हणजे उडत्या तबकड्या! संगणकाचं पुस्तक शोधायला आलेली मुलं तबकड्या चाळत बसतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आपल्या रंगनाथनांनी यावर वेगळा विचार केला. मूळचे मद्रासचे गणिताचे प्राध्यापक. १९३३ च्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात पुस्तकाला एका फांदीवर टांगत नाहीत, त्याला पैलू देतात: मुख्य वस्तू कोणती, द्रव्य कोणतं, क्रिया कोणती, स्थळ कोणतं, काळ कोणता. पैलू जोडून क्रमांक तयार होतो. म्हणजे झाड नाही, ओवलेली माळ. पण शेवटी त्या माळेलाही फळीवर एकच जागा मिळते, तिथं रंगनाथनही हतबल.

---

पाषाणरोड (सोमवार, रात्री ११:१२)

नकाशा काढायचा कशाला, पुण्यात तयार आहे. बसमध्ये बसा आणि पाषाण रस्त्यानं (कागदोपत्री डॉ. होमी भाभा रस्ता) जा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर, उष्णदेशीय हवामानाची आयआयटीएम. रसायन, सगळं थोडं थोडं, पाऊस. विद्यापीठाच्या आवारात वळलात की खगोलशास्त्राची आयुका, रेडिओ खगोलवाले, पेशीविज्ञानवाले. आणि लॉ कॉलेज रस्त्याच्या परिसरात एकीकडे आघारकर संशोधन संस्था, एकीकडे भांडारकर प्राच्यविद्या संस्था. सूक्ष्मजीव आणि महाभारत, मध्ये चहाची टपरी.

प्रश्न इतकाच, की भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन प्रयोगशाळा एकमेकांचे पेपर (म्हणजे शोधनिबंध) वाचतात का? मी अशा एका ठिकाणी सहा वर्षं काढली. शेजारच्या संस्थेतल्या लोकांशी आमचा संबंध त्यांच्या कॅन्टीनच्या पोह्यांपुरता. संदर्भ मात्र जर्मनीतल्या माणसाचे.

---

नकाशेबाज (मंगळवार, सकाळी ७:२०)

मास्तर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, मोजून केलंय. भरपूर. माझा पोटापाण्याचा उद्योग याच्या जवळपासचा आहे म्हणून जरा लांबण लावतो.

आधी लोक मनानंच काढायचे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं झाडच सांगितलं होतं: मुळं तत्त्वमीमांसा, खोड भौतिकशास्त्र, फांद्या बाकी सगळ्या. म्हणजे तुमच्या बाई अगदी वेगळं काही मागत नाहीयेत. १७५१ चा फ्रेंच विश्वकोशही स्मृती, तर्क, कल्पना अशा तीन फांद्यांवर. १९३९ मध्ये जे. डी. बर्नाल आणि १९४८ मध्ये एलिंगहॅम यांनी हातानं तक्ते काढले, त्यात मात्र झाड सुटलं आणि शाखा शेजारी शेजारी पसरल्या. एलिंगहॅमचा तक्ता बघाल तर तो तुमच्या भिंतीचाच आजोबा वाटेल.

मोजणी आली ती संदर्भयाद्यांतून. शास्त्रज्ञ पेपरच्या शेवटी यादी देतो, मी हे हे वाचलं आणि वापरलं. युजीन गारफिल्ड नावाच्या गृहस्थांनी १९५५ मध्ये मांडलं, की या याद्या उलट्या करून छापल्या तर एखाद्या जुन्या पेपरला पुढे कोणी कोणी आठवलं ते कळेल. कल्पना वकिलांकडून उचललेली. अमेरिकेत १८७३ पासून निकालांची अशी सूची निघत होती, कुठला जुना निकाल पुढे कुठल्या खटल्यात वापरला याची. गारफिल्डनं साठीच्या दशकात विज्ञानासाठी तशी सूची काढली आणि नकाशेवाल्यांना कच्चा माल मिळाला.

आता नातं मोजायचं कसं? लग्नाच्या आमंत्रणाची यादी घ्या. दोन घरांच्या याद्या समोर ठेवल्या आणि ४० नावं तीच निघाली, तर दोन्ही घरं एकाच गोतावळ्यातली. हे केसलर यांनी १९६३ मध्ये मांडलं: दोन पेपरांच्या संदर्भयाद्या किती जुळतात. यादी छापली की छापली, हे नातं पुढे बदलत नाही.

उलट बाजूनं बघा. साने आणि गोरे हे दोघे शेकडो घरांच्या याद्यांत नेहमी जोडीनं दिसतात. ते एकमेकांशी बोलतही नसतील, पण गाव त्यांना जोडीनं बोलावतं. ही सह-उद्धृती. १९७३ मध्ये हेन्री स्मॉल यांनी अमेरिकेत आणि इरिना मार्शाकोवा यांनी सोव्हिएत संघात एकमेकांना न विचारता एकाच वर्षी ती मांडली. हे नातं दर लग्नसराईत बदलतं, कारण नव्या याद्या येत राहतात.

नकाशा म्हणजे या दोनांपैकी काहीतरी लाखो पेपरांवर मोजायचं आणि जे जवळचे निघतील ते कागदावर जवळ ठेवायचे. रात्री उरलेलं लिहितो, ऑफिसला उशीर होतोय.

---

मी_बावधनची (मंगळवार, सकाळी ८:०५)

लग्नाच्या यादीचं उदाहरण खास! आमच्याकडे मात्र असे दोन पाहुणे आहेत, ज्यांना जोडीनं बोलावलं की मांडवात भांडण ठरलेलं. त्यांचं काय करतात?

---

नकाशेबाज (मंगळवार, सकाळी ८:११)

अगदी नेमका दोष पकडलात. एखाद्या पेपरचा उल्लेख 'हा चुकीचा आहे' म्हणून केला तरी मोजणीत तो एक संबंधच धरतात. वैरही नातंच. (आता खरंच निघतो.)

---

तिरपी_टोपी (मंगळवार, सकाळी १०:३०)

म्हणजे एवढं सगळं करून निघालं काय? भौतिक रसायनाच्या शेजारी आणि वैद्यक जीवशास्त्राच्या शेजारी? हे माझ्या आजीनंही सांगितलं असतं, तेही चहा गाळता गाळता. रंगीत ठिपके काढून अनुदान मिळवायचे धंदे. हलकं घ्या, पण थोडं जडही घ्या.

---

चौथा_मजला (मंगळवार, दुपारी १:१५)

टोपीराव, मी एकदा असा नकाशा स्वतः काढला होता, म्हणून तुमच्या बाजूनं एक पुरावा देतो. पुढे वाटलं तर उलटा वापरा.

मी बॅटरीवर काम करायचो. व्हीओएसव्ह्यूअर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं. त्यात साधारण दोन हजार पेपरांची शीर्षकं आणि सारांश घातले आणि सांगितलं, कुठले शब्द बरोबर येतात ते दाखव. चित्र आलं सुरेख. डावीकडे लिथियम, इलेक्ट्रोड, इलेक्ट्रोलाइट. उजवीकडे, आणि मी खुर्चीतून उठलोच, कर्करोग, उंदीर, प्रथिनं. मध्ये एक भलामोठा ठिपका दोघांना धरून: 'सेल'.

बॅटरीचा सेल आणि शरीरातला सेल! मी शोधताना शब्द ढिला टाकला होता, त्यामुळे निम्मे पेपर पेशींचे आले होते. त्या नकाशावरून मी गाइडना सांगायला निघालो होतो, की बॅटरी आणि कॅन्सर संशोधनात मोठा पूल तयार होतोय. दार ठोठावायच्या आत लक्षात आलं म्हणून बचावलो. मराठीत लिहिलं असतं तर घट आणि पेशी, काही गोंधळच नव्हता.

तेव्हापासून शब्दांच्या नकाशावर माझा भरवसा नाही. संदर्भयादीवरचा त्या मानानं बरा, कारण यादी माणसानं समजून केलेली असते. निदान तसं गृहीत धरतात.

---

उंबरठा (मंगळवार, दुपारी १:३२)

हसून हसून पुरेवाट. दार ठोठावायला हवं होतंत. पेटंट निघालं असतं.

---

पाषाणरोड (मंगळवार, दुपारी २:५०)

शब्दांचं जाऊ द्या, नावांचं घ्या. लेखकांचा नकाशा काढायला बसलो तर 'पाटील एस.' हा जगातला सर्वांत मोठा शास्त्रज्ञ निघाला. सुनील, संगीता, शैलेश, सुभाष, सगळे एकाच ठिपक्यात. तो सकाळी उसावर लिहितो, दुपारी दीर्घिकांवर आणि रात्री हृदयरोगावर. त्याच्या शेजारी 'जोशी ए.', तेवढाच हरहुन्नरी. २०१२ पासून ऑर्किड नावाचा क्रमांक प्रत्येक संशोधकाला घेता येतो, म्हणून आता जरा सुसह्य झालंय. जुन्या पाटलांना मात्र कोण वेगळं करणार?

---

क्वार्क_काका (मंगळवार, सायंकाळी ६:४०)

उशिरा आलो. मास्तर, मधोमध भौतिकशास्त्र काढा. बाकी सगळं त्याचेच उपयोग आहेत. वाद संपला.

---

मी_बावधनची (मंगळवार, सायंकाळी ६:४४)

वाद सुरू झाला.

---

ग्रंथपालीण (मंगळवार, सायंकाळी ७:१०)

काका, मधोमध स्विचबोर्ड आहे. त्या अर्थानं भौतिकशास्त्र आधीच तिथं आहे.

---

नकाशेबाज (मंगळवार, रात्री १०:२५)

काका, 'मधोमध कोण' यावरच लिहिणार होतो. टोपीरावांच्या आजीचंही उत्तर त्यात येईल.

२००५ मध्ये बोयॅक, क्लावन्स आणि बर्नर यांनी ७,१२१ नियतकालिकांतल्या दहा लाखांहून जास्त लेखांवरून नकाशा काढला. त्यात सगळ्यांत मिसळलेली शाखा निघाली जीवरसायन. मास्तर, तुमचं ते पहिलं अडलेलं पान!

२००९ मध्ये क्लावन्स आणि बोयॅक यांनी वेगवेगळ्या लोकांचे वीस नकाशे एकत्र ठेवून विचारलं, यात समान काय? निघालं वर्तुळ. गणितापासून सुरू करा: भौतिक, भौतिक रसायन, अभियांत्रिकी, रसायन, भूविज्ञान, जीवशास्त्र, जीवरसायन, संसर्गजन्य रोग, वैद्यक, आरोग्यसेवा, मेंदू, मानसशास्त्र, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं, संगणक आणि परत गणित. सोळा ठाणी. यात मधोमध कुणीच नाही, मधली जागा बरीचशी रिकामी. आजीला भौतिक आणि रसायन शेजारी हे माहीत असणारच, पण मानसशास्त्रापासून निघून मानव्यविद्या आणि संगणकावरून गणिताला परत येता येतं, हे चहा गाळता गाळता सांगितलं असतं का?

आणि त्याच वर्षी बोलेन आणि मंडळींनी संदर्भ मोजलेच नाहीत. लोक ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर एका लेखावरून कुठल्या लेखावर जातात ते मोजलं, जवळजवळ एक अब्ज नोंदी. त्यातही चाक निघालं, पण या चाकाला आस होता आणि त्या आसावर बसली होती सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्या. भौतिक, रसायन, जीव सगळे कडेला, धावेवर. कारण साधं आहे. लिहिणारे थोडे, वाचणारे पुष्कळ. परिचारिका, शिक्षक, विद्यार्थी वाचतात पण पेपर लिहीत नाहीत, म्हणून संदर्भयादीत ते कधी दिसतच नाहीत.

तर काका, मधोमध कोण हे विज्ञानानं ठरत नाही, तुम्ही काय मोजलंत त्यानं ठरतं.

आणखी दोन गोष्टी, भिंतीच्या कामाच्या. एक: हे ठिपके जागेवर बसतात कसे? समजा प्रत्येक ठिपका दुसऱ्याला ढकलतो आणि नातं असेल तिथं रबरबँड लावलाय. सोडून द्या, थरथरून थरथरून कुठंतरी स्थिरावेल. ते चित्र. त्यात वर-खाली, डावं-उजवं याला काडीचा अर्थ नाही. फिरवा, आरशात बघा, नकाशा तोच. पुण्याच्या नकाशात उत्तर वर असते तसं इथं काही नाही. क्लावन्स-बोयॅकनी गणित वर ठेवलं ते मुद्दाम, स्वतःच्या मर्जीनं. दोन: जीववैद्यकाच्या संदर्भयाद्या लांबलचक, गणिताच्या आखूड. नुसतं मोजलं तर वैद्यक सगळी भिंत खाऊन टाकतं आणि गणित कोपऱ्यात टिकलीएवढं उरतं. म्हणून प्रत्येकाच्या एकूण आकारानं भागावं लागतं.

---

तिरपी_टोपी (मंगळवार, रात्री १०:५१)

आजीच्या वतीनं: माघार घेतो, पण अर्धीच. रबरबँडचं चित्र पटलं. तरी आठवीच्या पोरांना वर्तुळ दाखवून काय कळणार? झाडात निदान कुठून सुरू करायचं ते कळतं.

---

गोधडी (मंगळवार, रात्री ११:३०)

मुख्याध्यापिका बाईंना झाडच हवंय ना? मग वड काढा. आंबा काढलात तर फांदी ती फांदीच. वडाच्या पारंब्या खाली येतात, माती धरतात आणि त्यांची खोडं होतात. काही वर्षांनी मूळ खोड कुठलं ते सांगता येत नाही. संगणकशास्त्र ही गणिताची पारंबीच की, आता स्वतःच केवढं खोड झालंय. झाडही झालं, जाळंही झालं, बाईही खूश.

---

चौथा_मजला (बुधवार, सकाळी ८:४०)

वड झकास. पण एक शंका. पारंबी जमिनीला जोडते, फांदीला फांदी जोडत नाही. भूविज्ञानाच्या फांदीवरून वैद्यकाच्या फांदीवर जायचं तर माकड लागेल.

---

गोधडी (बुधवार, सकाळी ११:२०)

माकडच घ्या! तुम्ही थट्टेत म्हणालात, पण पुण्याशी जोडलेली खरी गोष्ट माकडापासूनच सुरू होते.

१९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि आसपासच्या गावांतली माणसं तापानं फणफणली. तपासाला गेली ती पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली माणसं. हे केंद्र १९५२ मध्ये सुरू झालं होतं, आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. विषाणू नवा निघाला. तो पसरवत होती गोचीड. गोचीड वाढते जंगलातल्या लहान प्राण्यांवर, गुरांवर. गुरं जंगलात चरायला जातात, माणसं लाकूडफाट्याला जातात.

आता हा आजार तुमच्या झाडावर कुठं टांगाल? वैद्यक म्हणाल तर गोचीड प्राणिशास्त्रात. माकडं आणि गुरं पशुवैद्यकात. जंगल तुटण्या-वाढण्याचा हिशेब वनविद्येत. लोक जंगलात का आणि कुठल्या महिन्यात जातात, तो समाजशास्त्राचा. एक ताप, पाच फांद्या.

माझं म्हणणं, मास्तर, शाखांची नावं लिहून रेषा मारू नका. पोरांना एक प्रश्न द्या आणि त्याच्यासाठी कुठं कुठं जावं लागलं तो दोरा लावायला सांगा. दहा प्रश्न, दहा दोरे. जिथं जास्त दोरे एकत्र येतील तिथं आपोआप गाठ पडेल.

---

मोसमी (बुधवार, दुपारी ३:०५)

गोधडी +१. एक दोरा माझ्याकडून. गिल्बर्ट वॉकर, केंब्रिजचा गणिती, बूमरँग कसं उडतं यावर लिहिणारा. १९०४ मध्ये त्याला भारतात हवामान खात्याच्या प्रमुखपदी आणलं. पाऊस का चुकतो हे आधी सांगता यावं, अशी अपेक्षा. त्यानं जगभरच्या वेधशाळांचे आकडे जमवले आणि कुठल्या आकड्यांचं कुठल्या आकड्यांशी जुळतं ते हातानं मोजत बसला, कारकुनांची फौज घेऊन. त्यातून सापडलं, की प्रशांत आणि हिंदी महासागरावरचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो. त्याचा समुद्राच्या तापण्याशी, एल निनोशी असलेला सांधा १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ ब्यर्कनेसनं लावला.

म्हणजे दोरा: गणित, संख्याशास्त्र, हवामान, समुद्रविज्ञान. आणि तिथंच थांबत नाही. वॉकरचं एक समीकरण आज अर्थशास्त्रज्ञ बाजारभावांच्या मालिकांना लावतात. जून उजाडला की पुण्यात सगळ्यांच्या तोंडी एल निनो असतो. पोरांना नाव ओळखीचं असेलच.

---

मी_बावधनची (बुधवार, दुपारी ३:२०)

अवांतर: हवामान खातं पाऊस सांगतं तेव्हा छत्री घरी ठेवावी, हा दोरा कुठं लावायचा?

---

मोसमी (बुधवार, दुपारी ३:२२)

मानसशास्त्रात. चुकलेला अंदाज लक्षात राहतो, बरोबर आलेल्या दिवशी कुणी फोन करत नाही.

---

ग्रंथपालीण (बुधवार, सायंकाळी ५:३०)

एक खुपतंय ते लिहितेच. हे सगळे मोठे नकाशे ज्या सूच्यांवरून काढले त्यात इंग्रजी नियतकालिकांचा भरणा. मराठीत जे विज्ञानलेखन झालं, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका, बीजोत्पादनाचे अहवाल, यांचा त्यात ठिपकाही नाही. 'नाही' म्हणजे रिकामी जागासुद्धा नाही. जुन्या नकाशात जिथं माहिती नसायची तिथं निदान रिकामं सोडायचे. इथं तुमचं नसणं दिसतच नाही, कारण बाकीचे ठिपके सरकून ती जागा भरून टाकतात.

२०२२ पासून ओपनअ‍ॅलेक्स नावाचा मोफत साठा आहे, तो जुन्या सशुल्क सूच्यांपेक्षा बराच मोकळा. पण ज्या लेखाची कुठं संगणकीय नोंदच झाली नाही, तो तिथं तरी कुठून येणार?

---

तिरपी_टोपी (बुधवार, सायंकाळी ५:४८)

ताई, हे मात्र शंभर टक्के. उरलेली अर्धी माघार आता घेणार नाही.

---

क्वार्क_काका (बुधवार, रात्री ९:००)

तरीही मधोमध भौतिकशास्त्र.

---

खडूमास्तर (शुक्रवार, रात्री ८:१५)

मंडळी, दोन दिवस गायब होतो, पण सगळं वाचत होतो. ठरलं ते सांगतो.

भिंतीवर खिळे मारायला परवानगी नाही, म्हणून स्विचबोर्डाच्या दोन्ही बाजूंना सॉफ्टबोर्ड लावले. बोहरी आळीतून सात रंगांची लोकर आणि टाचण्यांचे चार डबे आणले. सोळा ठाण्यांचं वर्तुळ ठेवलं (नकाशेबाज, आभार), म्हणजे सुरुवात कुठून हा टोपीरावांचा प्रश्न सुटला: कुठूनही. मुख्याध्यापिका बाईंसाठी कडेला छोटा वड, गोधडींच्या नावानं. बाई वडासमोर फोटो काढणार आहेत, तेव्हा तो प्रश्नही मिटला.

रेषा पोरं लावणार आहेत. प्रश्न त्यांनीच काढायचे. सध्या आलेले: माकडताप, पाऊस, मोबाइल, आजीचा गुडघा आणि 'पुण्यात खड्डे का पडतात'.

---

पाषाणरोड (शुक्रवार, रात्री ८:३०)

खड्ड्यांच्या दोऱ्याला राज्यशास्त्र लागेल. सोळा ठाण्यांत आहे का बघा.

---

खडूमास्तर (२८ फेब्रुवारी, रात्री १०:१०)

आज झालं एकदाचं. जमेल तसं सांगतो.

आजीच्या गुडघ्यानं सगळ्यांना गारद केलं. एका मुलानं वैद्यकापासून सुरुवात केली, तिथून क्ष-किरणांसाठी भौतिकला, कृत्रिम सांध्याच्या धातूसाठी अभियांत्रिकीला, गोळ्यांसाठी रसायनाला, 'आजी व्यायाम करत नाही' म्हणून मानसशास्त्राला आणि 'ऑपरेशनला पैसे लागतात' म्हणून सामाजिक शास्त्रांना. लाल लोकर, सहा टाचण्या. खाली चिठ्ठी लावली: 'आजी अजून तयार नाही.'

खड्ड्यांचा दोरा भूविज्ञानात गेला, रसायनात गेला (डांबर), अभियांत्रिकीत गेला आणि सामाजिक शास्त्रांशी थांबला. पाषाणरोड, राज्यशास्त्र त्यातच बसवलं.

दुपारपर्यंत मधली रिकामी जागा लोकरीनं इतकी भरली की स्विचबोर्ड दिसेना. शिपाईकाकांनी येऊन दम दिला, 'पंखा कुठून लावू?' मग सगळ्या दोऱ्यांना कात्री न लावता बोर्डाभोवती वळसा दिला. क्वार्क काका, म्हणजे मधोमध शेवटी विजेची बटणंच राहिली. तुम्ही जिंकलात असं समजा.

एक मुलगी मात्र सकाळपासून हातात हिरवी लोकर घेऊन उभी होती. मांजरीजवळच्या वाडीतून येते, घरी ऊस आणि भाजी. म्हणाली, सर, यात शेती कुठंय? मी सोळा नावं वरपासून खालपर्यंत वाचली. नाही. मी म्हटलं, जीवशास्त्राच्या पोटात असेल. ती म्हणाली, मग दोरा कुठं बांधू? शेवटी रिकाम्या जागेत, स्विचबोर्डाच्या खाली, तिनं स्वतःची टाचणी मारली आणि वहीच्या कागदावर 'शेती' लिहून लावलं. तिथून जीव, रसायन, भूविज्ञान, अभियांत्रिकी, सामाजिक शास्त्रं. मग मोसमींच्या पावसाचा दोरा तिकडं ओढून आणला. मग गोधडींच्या माकडतापाचा, गुरांमुळे. तिच्या टाचणीवर सगळ्यांत जास्त गाठी झाल्या आणि शेवटी टाचणी वाकली. आता तिथं ड्रॉइंगच्या बाईंकडची जाड पिन आहे.

---

ग्रंथपालीण (२८ फेब्रुवारी, रात्री १०:३५)

मास्तर, तिला सांगा, आमच्याकडे शेती ६३० ला आहे. स्वतंत्र, जुनी जागा. आणि लगेच शेजारी ६४०, घरकाम आणि स्वयंपाक.

---

खडूमास्तर (१ मार्च, दुपारी १२:२०)

सांगितलं, ताई. तिनं विचारलं, मग स्वयंपाकालाही टाचणी मारू का?

लोकर संपलीये. परत बोहरी आळीत जाऊन येतो.